सूर्यफुलाचं तेल, गांजासारखं रसायन आणि सुटलेलं पोट

दादा, निपाणीहून तुम्ही विचारलंय की तूप सोडून सूर्यफुलाचं रिफाइंड चालू केलं तरी पोट वाढतंयच, आणि कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय की या तेलानं अंगात गांजासारखं रसायन तयार होतं, तर तेल बंद करू काय. बंद करू नका. पण व्हिडिओतलं सगळंच खोटं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपलं शरीर स्वतःच अशी रसायनं बनवतं, अ‍ॅनंडामाइड (१९९२ साली सापडलं) आणि टू-एजी, दोन्ही बनतात अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड नावाच्या ओमेगा-६ चरबीपासून. ती जाऊन चिकटतात सीबी१ रिसेप्टरला (पेशीवरची एक जागा, रसायन चिकटलं की पेशीला इशारा मिळतो), गांजाचा अंमल चढतो तोही तिथूनच. मेंदूत चिकटली की भूक खवळते. पण सीबी१ चरबीच्या पेशींवर पण असतात की, तिथं चिकटली की पेशी रक्तातली चरबी जास्त ओढून साठवायला लागते आणि इन्सुलिनला मदत करणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी सोडते. हा रिसेप्टर बंद करणारी गोळी आलेली, रिमोनाबँट, २००६ ला युरोपात. वजन उतरायचं खरं, पण लोकांना डिप्रेशन यायला लागलं, आत्महत्येचे विचार यायला लागले, २००८ मध्ये बाजारातून काढली. असल्या गोळ्यांच्या जाहिरातीला कृपा करून भुलू नका.

आता तेल. सूर्यफुलात लिनोलेइक अ‍ॅसिड भरपूर, शरीर त्याचंच अ‍ॅराकिडोनिक करतं. उंदरांना लिनोलेइक वाढवून दिलं तर ही रसायनं वाढली, उंदीर जाड झाले. व्हिडिओ इथंच थांबतो. माणसाच्या रक्तात मात्र लिनोलेइक जास्त खाल्लं म्हणून अ‍ॅराकिडोनिक फारसं वाढत नाही, आणि तुपाच्या जागी हे तेल आलं की वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, डॉक्टरांनी उगीच नाही बदलायला सांगितलं.

माझ्या मते आपल्याकडं खरी कमी आहे ती ओमेगा-३ नावाच्या दुसऱ्या चरबीची. शेंगाचं तेल घ्या नाहीतर सूर्यफुलाचं, दोन्हीत ते जवळजवळ नाहीच. मासे चालत असतील तर गोव्याकडून येतो तो बांगडा, तारली घ्या, आमटी करा, तळू नका. त्यातलं ओमेगा-३ पेशीच्या आवरणात अ‍ॅराकिडोनिकची जागा घेतं, मग या रसायनांना कच्चा मालच कमी पडतो. मासे चालत नसतील तर जवसाची चटणी करा, पण जवस मंद आचेवर भाजून कुटलेलंच पाहिजे, अख्खा दाणा पोटातनं तसाच बाहेर पडतो. लसूण, तिखट, मीठ घालून भाकरीबरोबर रोज एक-दोन चमचे. जवसातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग अंगात माशातल्या ओमेगा-३ सारखा होतो, तरी खा.

आणि तेल कुठलंही असो, एका ग्रॅमला ९ कॅलरी, तूप सोडून भजी चालू ठेवली तर पोट कसं उतरणार? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर फिश ऑइलची कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या.