कोथरूडमधला तिसरा हिस्सा आणि स्लाऊचं पहिलं घर

प्रश्न : वकीलताई, आम्ही नवरा-बायको नऊ वर्षं लंडनजवळ स्लाऊला भाड्याने राहतोय. मी आयटीत आहे, बायको नर्स. आता ३,८०,००० पौंडांचं घर ठरलंय. आयुष्यातलं पहिलंच, म्हणून सवलत धरून स्टॅम्प ड्यूटीचे ४,००० पौंड बाजूला ठेवले होते. घरखरेदीचं काम बघणाऱ्या सॉलिसिटरच्या फॉर्मात विचारलंय, जगात कुठेही तुमचं घर आहे का? माझे बाबा २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मृत्युपत्र नव्हतं. आई नॉमिनी होती, म्हणून कोथरूडचा फ्लॅट सोसायटीने तिच्या नावावर केला. आज त्याची किंमत एक कोटी वीस लाखांच्या आसपास असेल. आई तिथेच राहते, मी आणि ताईने कधी काही मागितलं नाही. हे सांगितल्यावर सॉलिसिटर म्हणतो, मग २८,००० भरा! मेहुणा म्हणतो, सरळ 'नाही' लिही, कोथरूडला कोण बघायला येतंय. आईच्या नावे हक्कसोडपत्र करून टाकू का? आणि दहा-दहा घरं भाड्याने लावणाऱ्यांच्या पंगतीत मला का बसवतात, हा कुठला न्याय?

उत्तर : आधी मेहुण्यांचं. 'नाही' लिहू नका. स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न सॉलिसिटर भरतो, पण आत लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी घर घेणाऱ्याची असते. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटिश करखात्याला, वीस वर्षांपर्यंत मागे जाता येतं, आणि कराच्या वर दंड लागतो तो वेगळाच. शिवाय तुमच्या बाबतीत खोटं बोलायची गरजही नाही. खरं बोलूनच बहुधा २८,०००मधले १९,००० वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'फ्लॅट आईच्या नावावर आहे' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला आईचं नाव चढलं, सेक्रेटरीची सही झाली, की घरातल्या सगळ्यांना वाटतं विषय संपला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढ्यापुरतीच ती सोय. वारसांचा हक्क त्याने जात नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखे हिस्से मिळतात. म्हणजे बाबा गेले त्या दिवसापासून एक तृतीयांश फ्लॅट तुमचा आहे, तुम्ही मागा अथवा न मागा. एक गोष्ट मात्र मला कळवा : तुमची आजी, म्हणजे बाबांची आई, तेव्हा हयात होती का? असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस, आणि तुमचा हिस्सा चौथा.

आता इंग्लंडचा हिशोब. तुमच्या घरावर तीन वेगवेगळे आकडे निघू शकतात. पहिलं घर घेणाऱ्याची सवलत मिळाली तर ३,००,०००पर्यंत शून्य आणि वरच्या ८०,०००वर ५ टक्के, म्हणजे ४,०००. सवलत नाही पण सरचार्जही (आधीच दुसरं घर असणाऱ्याला लागणारा जादा कर) नाही, असा साधा दर लागला तर पहिल्या १,२५,०००वर शून्य, २,५०,०००पर्यंत २ टक्के आणि पुढे ५ टक्के, बेरीज ९,०००. आणि जादा घराचा सरचार्ज लागला तर संपूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के, म्हणजे ९,०००वर १९,०००. सॉलिसिटरचे २८,००० आले ते इथून.

सॉलिसिटरने बेरीज बरोबर केली, एक प्रश्न विचारायचा मात्र राहिला. सरचार्जसाठी जगातलं कुठलंही घर धरतात हे खरं, पण त्यातल्या तुमच्या हिश्शाची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तरच. अख्ख्या फ्लॅटची किंमत नाही, तुमच्या हिश्शाची. एक कोटी वीस लाखांचा तिसरा हिस्सा चाळीस लाख. पौंडाला ११० रुपये असा तुमच्या विरुद्ध जाणारा दर धरला, तरी ३६,००० आणि काही शे पौंड होतात. म्हणजे तुम्ही रेषेच्या अलीकडे आहात. सरचार्ज नाही.

फार अलीकडे नाही, हेही सांगते. त्याच दराने फ्लॅट एक कोटी बत्तीस लाखांचा ठरला की हिस्सा बरोबर ४०,००० होतो. आणि 'एक कोटी वीस' हा आकडा तुम्ही कुठून आणलात? शेजारच्या विंगमधला फ्लॅट गेल्या दिवाळीत केवढ्याला गेला, यावरून असेल तर तो पुरायचा नाही. रेडी रेकनरचा दरही पुरायचा नाही, तो सरकारी मुद्रांकासाठीचा. पुण्यातल्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून खुल्या बाजारातल्या किमतीचा लेखी अहवाल घ्या, इमारतीचं वय, लिफ्ट, पार्किंग, पुनर्विकासाची बोलणी सगळं लिहिलेला. पुनर्विकासाचा करार झाला असेल तर किंमत उडी मारते आणि माझं वरचं सगळं गणित बदलतं. तारीखही महत्त्वाची : कायदा बघतो ते इथल्या कम्प्लीशनचा, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात येण्याचा, दिवस संपताना तुमच्याकडे काय होतं आणि त्याची किंमत काय होती.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली नसती तर हा सगळा खटाटोपच नको होता. वारशाने आलेला निम्मा किंवा कमी हिस्सा पहिली तीन वर्षं सरचार्जसाठी धरतच नाहीत. ती मुदत २०२४मध्ये गेली.

पहिल्या घराची सवलत मात्र गेली, आणि ती परत यायची नाही. तिथे ४०,०००ची रेषा नाही. जगात कुठेही, खरेदीने, बक्षिसाने किंवा वारशाने घराचा हिस्सा एकदा मिळाला, की तुम्ही 'पहिलं घर घेणारे' राहत नाही. आता सोडून दिलात तरी 'कधी मिळाला होता का' याचं उत्तर 'हो'च राहतं. दोघांनी मिळून घर घेताना दोघंही पात्र लागतात, त्यामुळे तुमच्या नावासकट घेतलंत तर ९,०००.

म्हणूनच हक्कसोडपत्राची घाई नको. त्याने सवलत मिळत नाही, आणि हिस्सा रेषेखाली असेल तर सरचार्जसाठी त्याची गरज नाही. उलट इथे एक नवीन खर्च उभा राहील. आईला फुकट दिलेला हिस्सासुद्धा ब्रिटिश कायद्यात बाजारभावाने विकल्यासारखा धरतात. २०२१ची किंमत आणि आजची किंमत, दोन्ही त्या त्या दिवसाच्या दराने पौंडात करायच्या, फरकातून वर्षाचे ३,००० पौंड वजा करायचे, आणि उरलेल्यावर तुमच्या उत्पन्नाप्रमाणे १८ किंवा २४ टक्के भांडवली नफ्यावरचा कर. व्हॅल्युएशनमध्ये हिस्सा ४०,०००च्या वर निघाला, तरच हक्कसोडीचा विचार करू. मग ते दस्त म्हणून पुण्यात रीतसर नोंदलं जायला हवं, कम्प्लीशनच्या आधी. नंतर केलेल्याचा उपयोग नाही : जुनं घर विकून सरचार्ज परत मिळतो तो, नवीन घर घेण्याआधीच्या तीन वर्षांत तुम्ही त्या जुन्या घरात राहत असाल तर. तुम्ही नऊ वर्षं स्लाऊत आहात.

बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर? हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. तुमच्या हिश्शामुळे सरचार्ज लागत असता तर नवरा-बायको एकत्र राहत असताना तिच्या एकटीच्या नावानेही तो लागलाच असता. तो लागत नाही, म्हणून तिला ४,०००त सुटता येईल. अट अशी की तिच्या नावे कुठेही घर नसावं (माहेरच्यांनी कौतुकाने कुठल्या फ्लॅटवर नाव घातलंय का, हे आधी विचारा), आणि घर खरोखर तिचं एकटीचं असावं. डिपॉझिटमध्ये तुमचे पैसे असतील तर ते तिला बक्षीस द्यावे लागतील. आतून हिस्सा तुमचाही, कागदावर फक्त तिचा, असं केलंत तर कायदा तुम्हालाही खरेदीदार धरतो आणि सवलत जाते. एका पगारावर ३,२०,०००चं कर्ज मिळणं कठीण, म्हणजे कर्जावर दोघांची सही, मालकी एकीची. पंचवीस वर्षांचं कर्ज डोक्यावर आणि घरावर नाव नाही, हे सगळं ५,००० पौंडांसाठी. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे सोसलं, तुम्ही एकदा सोसायला माझी हरकत नाही. पण वकील म्हणून विचाराल तर दोघांची नावं घाला आणि ९,००० भरा.

आता पंगतीचं. तुमचा राग अर्धा बरोबर आहे. हा सरचार्ज एप्रिल २०१६मध्ये ३ टक्क्यांनी सुरू झाला, आणि ३० ऑक्टोबर २०२४च्या बजेटमध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी तो दुसऱ्या दिवसापासून ५ केला. घर घ्यायला निघालेली तरुण जोडपी आणि भाड्यासाठी घरं गोळा करणारे यांच्या चढाओढीत जोडप्याला थोडं पुढे ठेवणं हा हेतू. दुबईत चार फ्लॅट असलेल्या माणसाला स्लाऊत 'पहिलं घर' म्हणवता येऊ नये, म्हणून 'जगात कुठेही'. हे मला पटतं. तुमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या बस ड्रायव्हरलाही पटेल. पण ज्याने २०१६च्या आधी दहा घरं घेतली, त्याला या सरचार्जचा एक पेनीही लागला नाही, कारण कर खरेदीवर आहे, बाळगण्यावर नाही. आणि ४०,०००ची रेषा २०१६पासून तिथेच आहे. कोथरूडचे भाव तिथेच थांबलेत का?

खरं दुखणं त्याच्याही आधीचं. इंग्लंडचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, अजून १ एप्रिल १९९१च्या किमतींवर चालतो, आणि सगळ्यात वरच्या बँडला (किमतीच्या गटाला) सगळ्यात खालच्याच्या फक्त तिप्पट भरावं लागतं. घरात बसून श्रीमंत झालेल्याला हात लावायला कुठलंच सरकार धजत नाही. कर हलणाऱ्यावर, घेणाऱ्यावर. २० लाख पौंडांवरच्या घरांना एप्रिल २०२८पासून वर्षाला २,५०० ते ७,५०० पौंड जादा लावायचं ठरलंय, एवढी हालचाल झाली. उलट पहिल्या घराची करमुक्त मर्यादा एप्रिल २०२५मध्ये ४,२५,०००वरून ३,००,०००वर आली. ती जुनीच असती तर तुमच्या घरावर सवलतवाल्याला शून्य लागला असता. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या केमी बेडनॉक यांनी ऑक्टोबर २०२५च्या पक्षाच्या अधिवेशनात राहत्या घरांवरची स्टॅम्प ड्यूटीच काढायचं आश्वासन दिलंय. त्या विरोधी पक्षात आहेत. त्यावर घर अडवून ठेवू नका.

हे सगळं इंग्लंडचं बरं का. तुमचा एखादा मावसभाऊ कार्डिफला किंवा एडिंबराला घर घेत असेल तर त्याला हे पत्र दाखवू नका, तिथले कर वेगळे आणि दरही वेगळे.

सॉलिसिटरला आजच मेल करा : फॉर्मवर 'हो' लिहा, खाली तीन वारसांची नावं आणि तुमचा एक तृतीयांश हिस्सा लिहा, आणि व्हॅल्युएशन येतंय तोवर २८,०००चा रिटर्न तयार करू नका म्हणून सांगा. कम्प्लीशननंतर रिटर्न भरायला चौदाच दिवस असतात. ताईला आजच्या आज फोन करून व्हॅल्युअर गाठायला सांगा. तो फ्लॅट बघायला येईल तेव्हा आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर मुलगा घर विकायला निघालाय असं त्यांना वाटायचं.