'श्रीमती' म्हणजे विधवा का?

प्रश्न थोडक्यात असा : एका संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत सगळ्या महिला पाहुण्यांच्या नावांआधी सरसकट 'श्रीमती' छापलं. त्यावर दोघींनी हरकत घेतली. एकीचं म्हणणं, 'माझे यजमान चांगले धडधाकट आहेत, मला श्रीमती कशाला केलंत?' दुसरी घटस्फोटित. तिला सौ. नको, कु. नको आणि श्रीमतीही नको. तर श्रीमतीचा खरा अर्थ काय आणि लिहायचं काय?

व्युत्पत्ती पाहिली तर पहिल्या हरकतीत दम नाही. 'श्री' म्हणजे शोभा, संपत्ती, लक्ष्मी. ती जिच्याकडे आहे ती श्रीमती, ज्याच्याकडे आहे तो श्रीमान. नवरा यात कुठेच येत नाही. हिंदीत तर 'श्रीमती' विवाहितेलाच लावतात. तिथे अविवाहितेला श्रीमती म्हटलं की ती चमकते आणि आपल्याकडे विवाहितेला म्हटलं की ती.

पण व्युत्पत्ती दाखवून त्या बाईंची समजूत पटणार नाही, आणि त्यांचंही चुकलेलं नाही. मराठीत 'सौ.' आणि 'कु.' ही दोन उपपदं आधीच जागा अडवून बसली होती. लग्न झालेली आणि नवरा हयात असलेली ती सौ., लग्न न झालेली ती कु. या दोघी वजा केल्यावर उरणार कोण? विधवेसाठी जुनं उपपद होतं 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी. ते कानाला टोचू लागलं तेव्हा लोकांनी त्या जागी सौम्य म्हणून श्रीमती लिहायला सुरुवात केली. म्हणजे वैधव्याचा अर्थ श्रीमतीत मुळात नव्हता, शेजारी सौ. लिहिलं जातं म्हणून तो चिकटला. याचा व्यावहारिक धडा असा की एकाच यादीत चार सौ. आणि एक श्रीमती असेल, तर त्या एकीबद्दल वाचणारा काय समजायचं ते समजतो. पाचही श्रीमती असतील तर काही समजत नाही, आणि समजायचं कारणही नसतं.

गंगा भागीरथीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. ही जुन्या पत्रांच्या मायन्यातली भाषा. सवाष्ण स्त्रीला पत्र लिहायचं तर 'वज्रचूडेमंडित', म्हणजे जिचा चुडा वज्रासारखा अभंग राहो ती. विधवेला लिहायचं तर 'गंगाभागीरथीसमान', गंगेइतकी पवित्र. हेतू आदराचाच होता. पण पत्र उघडताच पहिल्या ओळीत बाईचा नवरा आहे की गेला याची नोंद व्हायचीच. पुरुषांच्या मायन्यात वय, नातं, विद्वत्ता, हुद्दा सगळं यायचं : तीर्थरूप, चिरंजीव, वेदशास्त्रसंपन्न, राजमान्य राजेश्री. बायको वारली म्हणून कुणाचा मायना बदलला नाही. विधुर हा शब्द आहे, विधुराचं उपपद नाही.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावाआधी 'गं. भा.' वापरण्याबाबत चर्चा करावी असं पत्र आपल्या खात्याला दिलं, तेव्हा जो गदारोळ झाला तो याच कारणाने. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं होतं. एकीकडे वैधव्याच्या खुणा बंद करायच्या आणि दुसरीकडे नावाआधी नवी लावायची, हे जुळणारं नव्हतं. शब्द पवित्र आहे हा बचाव टिकला नाही, कारण हरकत पावित्र्याला नव्हतीच. वेगळं ओळखू येण्याला होती.

दुसऱ्या बाईंची अडचण जास्त खरी आहे, कारण घटस्फोटितेसाठी मराठीत उपपदच नाही. जे शब्द आहेत ते एकेक पाहण्यासारखे आहेत. 'परित्यक्ता' हे कर्मणी रूप : कुणीतरी टाकलेली. टाकणाऱ्यासाठी तितका रुळलेला शब्द मात्र नाही, आणि ज्याला बायको सोडून गेली त्या पुरुषाला कुणी परित्यक्त म्हणत नाही. 'घटस्फोट' हा शब्द तर मुळात जातीबाहेर टाकण्याच्या विधीतला. बहिष्कृत माणूस मेला असं मानून त्याच्या नावाने घट फोडत. आज तो कायद्याच्या भाषेत इतका रुळला आहे की तो डंख कुणाला जाणवत नाही, तेव्हा वापरायला हरकत नाही. सामाजिक कामात अलीकडे 'एकल महिला' चालतं. त्यात विधवा, घटस्फोटित, सोडलेली, स्वतःहून वेगळी राहणारी, लग्नच न केलेली, सगळ्या येतात. शब्द चांगला आहे, पण वर्गवारीसाठी. नावाआधी लावायला नाही.

'सुश्री' सुचवणारे आहेत. हिंदी बातम्यांतून तो आपल्या कानावर आला. अडचण तीच : श्रीमतीच्या शेजारी सुश्री ठेवलं की लोक ते 'कुमारी'चं सुधारित नाव समजतात. शिवाय मराठी वाक्यात तो अजून भाषांतरित फॉर्मसारखा वाटतो.

खरं तर लग्नाची चौकशी न करणारी सोय मराठीत पूर्वीपासून आहे, ती नावाच्या आधी नसून नंतर लागते : बाई, ताई. सावित्रीबाई, ताराबाई. आणि उपपदच हवं तर ते कर्तृत्वाचं. रमाबाईंना १८७८ मध्ये कोलकात्यात 'पंडिता' ही पदवी मिळाली तेव्हा त्या अविवाहित होत्या. १८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये पती गेले. या चार वर्षांत रूढीप्रमाणे त्यांना तीन वेगळी उपपदं लागायला हवी होती. लोकांच्या तोंडी राहिलं ते पंडिताच.

आता प्रत्यक्ष लिहिताना काय करायचं ते. कार्यक्रमपत्रिका, सत्कारपत्र, समितीची यादी : सगळ्या पुरुषांना श्री आणि सगळ्या स्त्रियांना श्रीमती, किंवा कुणालाच काही नाही. दुसरा पर्याय मला जास्त पटतो. डॉ., प्रा., ॲड. असेल तर तेवढंच पुरे, 'डॉ. सौ.' लिहिलं की पदवी मिळवली ती आणि नशिबाने आली ती अशा दोन गोष्टी एका ओळीत बसतात. 'श्री. व सौ. अनंत देशपांडे' यात सौ. आहे, पण बाईचं नाव कुठे आहे? 'सुमन आणि अनंत देशपांडे' लिहा.

लग्नपत्रिकेत सगळ्यात जास्त घोळ होतो. 'कै. अनंत व श्रीमती सुमन यांची कन्या' या ओळीच्या समोर वरपक्षाची 'सौ. व श्री.' अशी ओळ आली की वधूची आई विधवा आहे हे शेकडो घरांत छापून जातं. दोन्ही बाजूंची उपपदं काढली तर प्रश्नच मिटतो. वधूच्या नावाआधीचं 'चि. सौ. कां.' ठेवायचं असेल तर निदान नीट लिहा : ते सौभाग्यकांक्षिणीचं संक्षिप्त रूप आहे, म्हणून 'कां.'वर अनुस्वार हवा. 'सौ. का.' म्हणजे काहीच नाही. तसंच सौ. आणि कु. यांना बिंदू लागतो कारण ती लघुरूपं आहेत. श्री आणि श्रीमती हे पूर्ण शब्द, त्यांना बिंदूची गरज नाही. 'श्री.' ही निव्वळ सवय आहे.

अर्ज किंवा नोंदणीचा तक्ता बनवत असाल तर उपपदाचा रकाना नावापासून वेगळा ठेवा आणि ऐच्छिक ठेवा. 'सौ. नीता' असं एकाच रकान्यात भरलं की अकारविल्ह्यात सगळ्या विवाहिता 'स'खाली गोळा होतात, आणि ओळखपत्रावरच्या नावाशी मेळ बसत नाही तो वेगळाच.

वैवाहिक स्थिती कुठे विचारावी यातही सरकारी कागद बदलत आहेत. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं, आणि घटस्फोटितांना आधीच्या जोडीदाराचं नाव द्यावं लागत नाही. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा देशात नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची नोंद स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने होते. विवाहितेच्या नावापुढे पतीचं नाव ही रीत त्या निर्णयात तशीच ठेवली आहे, हेही सांगायला हवं.

आणि पहिल्या बाई 'मला सौ.च लिहा' म्हणाल्या तर? त्यांना व्यक्तिशः पत्र पाठवताना जरूर लिहा. आपलं नाव कसं लिहावं हे त्यांनीच ठरवायचं. छापील यादीत मात्र त्यांच्यासाठी अपवाद करू नका. तिथे त्यांच्या सौ.मुळे शेजारच्या ओळीतली बाई आपोआप 'ती' श्रीमती होते, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.