व्यापार आणि मानवी हक्क एकत्र घेऊन प्राध्यापक होता येतं का?

तुम्ही विचारलंय: अर्थशास्त्रात एमए झालंय, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि मानवी हक्क या विषयावर पीएचडी करून प्राध्यापक होता येईल का, आणि ती अर्थशास्त्रातून करावी की कायद्यातून?

होता येतं. मी झाले. पण सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) घेऊन आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे, उभं राहाल तेव्हा अर्थशास्त्रवाले म्हणतील हा कायदा आहे आणि कायदेवाले म्हणतील ही चळवळ आहे. त्याची तयारी ठेवा.

माझं घोडं अडलं प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर. 9 मार्च 2012 ला मुंबईच्या पेटंट नियंत्रकांनी बायर या जर्मन कंपनीच्या नेक्सावार या कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही ते औषध बनवायची परवानगी. भारतातला हा पहिलाच. 120 गोळ्या, म्हणजे महिनाभराचा डोस. बायरचा भाव 2,80,428 रुपये, नॅटको विकणार 8,800 ला आणि बायरला 6 टक्के रॉयल्टी देणार (पुढे अपिलात ती 7 झाली). मी निकाल झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणला आणि रात्रभर पेन्सिल घेऊन बसले. पेटंट कायद्याच्या कलम 84 मध्ये तीन कसोट्या आहेत: लोकांची गरज भागते का, किंमत परवडते का, पेटंटचा वापर भारतात होतो का. यातली एक जरी हुकली तरी परवाना देता येतो. इथे तिन्ही हुकल्या होत्या.

प्रकरण लिहून माझ्या गाइडकडे, सरांकडे नेलं. सर म्हणाले, "गोष्ट छान आहे, पण यात डेटा कुठंय? हक्क मोजता येत नाहीत. काढून टाक." मी म्हटलं, "सर, जवळजवळ बत्तीस पट फरक आहे, आणखी काय मोजायचं?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचं वर्षभर ते प्रकरण त्याच टेबलावर जुन्या दिवाळी अंकांखाली पडून होतं. दर भेटीत मला त्याचा निळा कोपरा दिसायचा.

नंतर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, चार वर्षं काढली. एका निवड समितीत एक्स्पर्टनी विचारलं, डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) करारांत मानवी हक्क आहेत कुठे? मी गॅट या मालाच्या व्यापारावरच्या कराराचं कलम 20 (ई) सांगितलं: कैद्यांच्या श्रमातून बनलेला माल अडवायची मुभा 1947 पासून आहे. ते हसले, "ते हक्कांसाठी नव्हतं हो, स्वस्त मालाच्या भीतीनं होतं." बरोबरच होतं ते. मग मी डब्ल्यूटीओच्या ट्रिप्स (पेटंटसारख्या बौद्धिक संपदेचा करार) आणि सार्वजनिक आरोग्यावरच्या दोहा जाहीरनाम्याकडे वळले. 2001 च्या त्या जाहीरनाम्यात 'सर्वांना औषधं' आहे, पण 'मानवी हक्क' हा शब्दच नाही. सार्वजनिक आरोग्य जपण्याचा हक्क आहे तो सदस्य देशांचा. रोग्याचा नाही. माझा अख्खा प्रबंध या फटीवर उभा आहे, आणि ही फट रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकडेवारीच्या गणितात, सापडत नाही. माझी निवड झाली नाही, ही गोष्ट वेगळी. नोकरी दुसरीकडे लागली.

त्यामुळे विषयापेक्षा गाइड आधी तपासा. त्यांच्या हाताखाली किती जणांची प्रकरणं कापली गेली, ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकट्यात गाठून विचारा. आणि करार मुळातून वाचा, त्यांच्यावरचे लेख नंतर. हक्कांवर लिहिणाऱ्या निम्म्या लोकांनी ट्रिप्सचं कलम 31, म्हणजे सक्तीच्या परवान्याचं कलम, उघडूनही पाहिलेलं नसतं.

हे मी औषधांपुरतं सांगतेय, बरं का. कामगार हक्कांचं गणित उलटं आहे. तिथे व्यापार करारात कामगारांच्या अटी घालायला भारतानंच विरोध केला, आणि 1996 मध्ये सिंगापूरला डब्ल्यूटीओच्या मंत्री परिषदेत तो विषय आयएलओकडे (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे) ढकलला गेला. श्रीमंत देश हक्कांच्या आडून आपल्या बाजारपेठा राखतात, असं सर नेहमी म्हणायचे. तेवढ्यापुरतं त्यांचं चुकत नव्हतं. चौथ्या प्रकरणाबाबत मात्र चुकलंच.

आणि हो, अर्थशास्त्र की कायदा. एमए अर्थशास्त्रात आहे ना, मग नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा त्यातच द्या. पदाची जाहिरात विभागाच्या नावानं निघते, तुमच्या प्रबंधाच्या नावानं नाही. कायदा नंतर स्वतःचा स्वतः शिकता येतो. मी तसाच शिकले.