ड्यूशेनमध्ये स्नायूपेशी ठरल्याप्रमाणे मरतात का? तो मृत्यू औषधाने रोखता येतो का?

तुम्ही सोलापूरहून लिहिलंय की सात वर्षांच्या भाच्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू झिजवणारा जनुकीय आजार) आहे आणि 'अ‍ॅपोप्टोसिस रोखणारी', म्हणजे पेशीचा ठरल्याप्रमाणे होणारा मृत्यू थांबवणारी, म्हणून कुणीतरी एक पावडर सुचवलीय. ती देऊ नका. ती ज्या मृत्यूवर बोट ठेवते, तो या आजारातला मुख्य मृत्यूच नाही.

डिस्ट्रॉफिन हे प्रथिन स्नायूतंतूच्या आवरणाला आतून आधार देतं. ते नसलं की आकुंचनागणिक आवरणाला बारीक चिरा पडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, कॅल्पेनसारखी विकरं आतली प्रथिनं तोडू लागतात, मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) सुजतात आणि तंतू फुटतो. हा नेक्रोसिस. आतला ऐवज रक्तात सांडतो, म्हणून सीपीके या स्नायूतल्या विकराचा रक्तातला आकडा हजारांत जातो. लिव्हरच्या तपासणीत मोजली जाणारी एसजीओटी-एसजीपीटी ही विकरं स्नायूतही असतात, म्हणून तीही वाढतात आणि पुष्कळ मुलांवर उगाच लिव्हरचे उपचार होत राहतात. अशा वेळी जीजीटी हे लिव्हरचं दुसरं विकर तपासा. तो नॉर्मल असेल तर दोष बहुधा स्नायूचा.

अ‍ॅपोप्टोसिसमध्ये पेशी न फुटता आक्रसते, दाहही फारसा होत नाही. पूर्ण वाढलेल्या स्नायूत त्यासाठी लागणारं अपाफ-१ हे प्रथिन फार कमी असतं. शिवाय एका तंतूत शेकडो केंद्रकं असतात, त्यातलं एखादं मेल्याने तंतू मरत नाही. ड्यूशेनसारखा आजार असलेल्या उंदरांत अ‍ॅपोप्टोसिस दिसलाय, नेक्रोप्टोसिस हा नियोजित पण पेशी फोडणारा प्रकारही दिसलाय. पण मुलांना नेमाने द्यावं असं, या वाटा अडवणारं औषध आज नाही. कोलॅजन-६ या प्रथिनाच्या दोषाने होणाऱ्या उलरिच या दुसऱ्या स्नायूआजाराची गोष्ट वेगळी, तिथे मायटोकॉन्ड्रियातून चालणाऱ्या अ‍ॅपोप्टोसिसचा वाटा मोठा आहे.

हाताशी असलेला उपाय म्हणजे स्टिरॉइड. प्रेडनिसोलोन रोज किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम किंवा डेफ्लाझाकॉर्ट ०.९, म्हणजे २० किलोच्या मुलाला १५ किंवा १८ मिलिग्रॅम. डोस न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. गोळ्या एकदम बंद करू नका, उलट्या होत असतील तर तातडीने दवाखाना गाठा. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टिरॉइड) या गोळ्यांनी दबलेलं असतं, अचानक खंड पडला तर जिवावर बेतू शकतं. उठाबशा आणि जिने उतरण्याचा व्यायाम टाळा, कारण ताणलं जात असताना जोर लावणाऱ्या तंतूचं आवरण सर्वांत जास्त फाटतं. दरवर्षी हृदयाचा इको करून घ्या.

आपल्याकडे मामा-भाचीची लग्नं होतात, म्हणून बहिणीला कुणी 'नात्यात लग्न केलंस' असा दोष देत असेल तर थांबवा. ड्यूशेनचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, त्याचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नाही. तुम्ही मामा आणि निरोगी, तेव्हा तुमच्याकडून हा दोष तुमच्या मुलांकडे जात नाही. भाच्याची एमएलपीए तपासणी (जनुकाचा तुकडा गळालाय की दुप्पट झालाय ते पाहणारी) आधी करा, मग सापडलेला तोच दोष बहिणीत आणि तुमच्या इतर बहिणींत तपासा.