चोर बाजारातलं घड्याळ: नकली कमी, खिचडी जास्त

गेल्या वेळी जुन्या घड्याळांवर लिहिलं आणि प्रश्नांचा ढीगच आला. बरेचसे सारखेच होते, त्यातले पाच घेतोय.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून सिको ५ (जपानी कंपनीचं घड्याळ) घेतलं. निळी डायल, केशरी काटे, एकदम नवंकोरं दिसतं. दुकानदार म्हणाला सत्तरच्या दशकातलं ओरिजिनल. अडीच हजार दिले. फसलो का? (भांडुप)

अर्धे फसलात. मशीन बहुतेक सिकोचंच असणार, ती मशीनं मुळात इतकी दणकट की नकली बनवायची कुणाला गरजच पडत नाही. गडबड असते डायलमध्ये. आपल्याकडे जुनी डायल घासून, नवा रंग मारून वर नाव परत छापतात (यालाच रिडायल म्हणतात) आणि हा उद्योग इतका जोरात चालतो की परदेशातले कलेक्टर असल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, कौतुकाने नाही हां. पन्नास वर्षांचं घड्याळ, केसवर (म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर) चरे, झाकण झिजलेलं आणि डायल मात्र कालच्या लग्नातल्या नवरीसारखी, हे जमतं का सांगा?

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कंपनीच्या छपाईची कड साफ असते. रिडायलची अक्षरं कुठे जाड, कुठे पसरलेली, मिनिटांच्या रेघा थोड्या सरकलेल्या, तारखेच्या खिडकीच्या कडेला रंग साचलेला. मग झाकणाच्या मागचा मॉडेल नंबर बघा, चार आकडे, मधे रेघ, परत चार. पहिले चार म्हणजे मशीन. समजा ७००९ आहे, तर डायलवर अगदी खाली, सहाच्या बाजूला जो मुंगीएवढा कोड असतो तोही ७००९ नेच सुरू व्हायला पाहिजे. तिथे ६३०९ दिसलं तर दोन घड्याळांचं एक केलंय, आणि कोडच नसेल तर डायल बाहेरची. सिरीयल नंबरचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा म्हणजे महिना (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरला ओ, एन, डी). दशक त्यात कळत नाही, ते मशीनवरून ताडायचं, म्हणून ‘नंबरवरून बहात्तरचंच आहे साहेब’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर नुसती मान हलवायची.

चालतंय ना नीट? मग वापरा. फक्त ओरिजिनल म्हणून पुढे कुणाला विकू नका.

जुनं ओमेगा मिळतंय, चावीचं. मालक झाकण उघडायला तयार नाही, म्हणतो सील तुटेल. (दादर)

सील! ६० वर्षांत ते झाकण कितीतरी घड्याळजींनी उघडलं असेल. मशीन न बघता ओमेगा घ्यायचं म्हणजे बॉनेट बंद ठेवून गाडी घेण्यासारखं. त्या काळातल्या बऱ्याच ओमेगांचं मशीन तांबूस गुलाबी रंगाचं असतं, वर नाव, कॅलिबर (मशीनचा मॉडेल नंबर) आणि सिरीयल नंबर कोरलेला, त्या नंबरवरून साधारण वर्ष काढता येतं. ते वर्ष आणि केसची स्टाईल जुळतेय का बघा. केस सोन्याची सांगत असेल तर पट्टा अडकतो ते कान तपासा, मुलामा असेल तर घासलेल्या कडेला खालचा दुसरा धातू डोकावतो. मालक उघडतच नसेल तर चहा पिऊन निघा.

मी स्वतः एकदा न उघडता फावर-ल्यूबा घेतलं होतं, लाजत लाजत सांगतो. घरी येऊन झाकण काढलं तर मशीन भलत्याच कंपनीचं, आणि घट्ट बसावं म्हणून बाजूला कागदाची घडी खुपसलेली. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, टाईम तर बरोबर दाखवतंय ना?

रोलेक्स आहे, मागे काच आहे आणि सेकंद काटा टिक टिक करतो. खरं का? (वाशी)

नाही. जुन्या रोलेक्सला मागे काच नसते, आणि सेकंद काटा एका सेकंदाला एक उडी मारत असेल तर आत बहुतेक बॅटरी आहे. रोलेक्सने क्वार्ट्झ (बॅटरीवरची) घड्याळं काढली होती पण ती मोजकी, आणि मागे काच त्यांनाही नव्हती.

जुनं आहे तरी अंधारात काटे मस्त चमकतात, म्हणजे चांगलंच ना? (गिरगाव)

उलट शंका घ्या. चमकण्यासाठी साठच्या दशकापर्यंत रेडियम लावायचे, नंतर ट्रिटियम आलं, दोन्ही किरणोत्सर्गी. ट्रिटियमचा जोर साधारण १२ वर्षांत निम्मा होतो, आणि रेडियम शेकडो वर्षं टिकलं तरी त्यासोबतची चमकणारी पावडर कधीच मेलेली असते. इतक्या जुन्या घड्याळाचे काटे आज झगमगत असतील तर कुणीतरी नवीन रंग भरलाय. आणि रेडियमचा संशय असेल तर घरी उघडून खरवडत बसू नका, ती धूळ नाकातोंडात जाणं वाईट.

सासऱ्यांचं एचएमटी जनता आहे, डायल पिवळी पडलीय, डाग आहेत. घड्याळजी म्हणतो ३०० रुपयांत नवी करून देतो. करू का? (परळ)

नको हो ताई! एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि आता तो कारखाना बंद आहे, त्यामुळे अस्सल डायल परत कुठून आणणार? बाजारात ‘अनयूज्ड जनता’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं सुट्या पार्टांची जोडाजोड असते. तुमच्याकडे निदान घरातलंच आहे, कुठून आलं ते माहीत आहे. सर्व्हिसिंग करा, तेल घाला, काच तडकली असेल तर बदला. फक्त घड्याळ हातात देण्याआधी डायलचा फोटो काढून ठेवा आणि ‘डायलला हात लावायचा नाही’ हे पावतीवर लिहून घ्या, कारण आपले घड्याळजी प्रेमाने, न सांगता, फुकटात पण पॉलिश मारून देतात.