घरच्या क्लबशी लेखी करार करताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ज्या फुटबॉल क्लबचे सामने तू लहानपणापासून कुंपणाला टेकून पाहिलेस, त्याच क्लबने पुढील हंगामासाठी तुला मानधन देण्याची तयारी दाखवली आहे, हे वाचून आनंद झाला. तू अवश्य खेळावेस. कामठीचा रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब अशा संघांनी आपल्या नागपूर जिल्ह्याचा फुटबॉल टिकवला आहे, आणि ओळखीच्या माणसांसमोर खेळण्याचा आनंद व धाक दोन्ही तुला अनुभवायला मिळतील.

करार लेखी मागितला तर मंडळी नाराज होतील का, असे तू विचारतोस. काही जण होतील. तरीही माग.

फिफाच्या नियमांत खेळाडूंचे दोनच वर्ग आहेत. ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळासाठी होणाऱ्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक रक्कम मिळते, तो व्यावसायिक. बाकी सारे हौशी. नोकरी सांभाळून, थोडेफार मानधन घेऊन खेळणाऱ्यासाठी तिसरा वर्ग नाही. त्यामुळे दरमहा पैसे देण्याचे नुसते तोंडी ठरले, तर कागदोपत्री तू हौशीच राहतोस आणि पैसे थकल्यावर दाद मागायला हातात काही उरत नाही. परक्या शहरात ही अडचण निदान उघडपणे मांडता येते. येथे सचिव वडिलांचे स्नेही असतात, प्रशिक्षक शेजारच्या गल्लीतले असतात आणि ‘घरचाच मुलगा आहे’ या वाक्याने पैशांचा विषय सुरू होण्याआधीच मिटतो. बाहेरून आणलेला खेळाडू थकबाकीसाठी भांडून मोकळा होतो. ज्यांच्या घरी तुला पुढच्या महिन्यात लग्नाला जायचे आहे, त्यांच्याशी तू कसा भांडणार? म्हणूनच घरच्या क्लबमध्ये कागदाची गरज अधिक असते, आणि त्यात कोणाचाही अपमान नाही.

त्या कागदावर मानधन किती, कोणत्या महिन्यांचे आणि किती तारखेपर्यंत, हे आकड्यांत असावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरावात किंवा सामन्यात दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च कोण करील आणि त्या काळात मानधन चालू राहील का, हे स्पष्ट लिहून घे. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळायला नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, आणि तेवढ्या काळात पदाधिकाऱ्यांच्या आठवणी बदलतात. नियमानुसार करार साधारणतः पाच वर्षांपर्यंत करता येतो. तू मात्र एका हंगामापुरताच कर. नोंदणी झाल्यावर मर्जीप्रमाणे क्लब बदलता येत नाही. मित्रांच्या आग्रहाने एखाद्या नाइट टूर्नामेंटमध्ये दुसऱ्याच संघाकडून खेळण्यापूर्वीही क्लबची परवानगी घे. तेथे पाय मोडला तर दोन्हीकडचे लोक हात वर करतील.

या मानधनावर घर चालेल, असे मात्र गृहीत धरू नकोस. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, परंतु त्यासाठी विहित स्पर्धांतील प्रावीण्याची प्रमाणपत्रे लागतात; क्लबसाठी किती गोल केलेस, हे तेथे कोणी विचारत नाही. तेव्हा संतोष करंडकासारख्या स्पर्धांसाठी राज्य संघाची निवड चाचणी असेल, तर क्लब तुला मोकळा सोडील, असे कलम आताच घालून घे. माझ्या मते सगळ्या करारात तुझ्या भविष्याच्या दृष्टीने हेच कलम सर्वांत मोलाचे आहे, आणि नेमके तेच मागायला मुले विसरतात.

शरीराविषयी थोडेच लिहितो. कामावरून थेट मैदानात येऊन लगेच चेंडूमागे धावू नकोस. ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्मअप नियमित केल्यास दुखापती लक्षणीय कमी होतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत दुपारचा सराव ठेवला तर वेळ बदलण्याची विनंती संघातर्फे कर्णधारामार्फत कर, एकट्याने वाद घालू नकोस.

कराराचा मसुदा हाती आला की सही करण्यापूर्वी वडिलांना वाचायला दे आणि एक प्रत मलाही पाठव. नोंदणीची मुदत जवळ आली म्हणून कोणी कोऱ्या अर्जावर सही मागितली, तर एक दिवस थांबायला सांग.

तुझा हितचिंतक