डाचियासारखा स्वस्त गाड्यांचा ब्रँड वेगळेपणही जपतो आणि सर्वसामान्यांनाही चालतो, हे कसं जमतं?

तुम्ही विचारलंय की गाडी स्वस्तात द्यायची, तिला स्वतःचा चेहराही ठेवायचा आणि तरी ती चार माणसांच्या साध्या कुटुंबाला चालली पाहिजे, हा मेळ डाचिया ही रोमानियाची, आता रेनोच्या मालकीची कंपनी कसा घालते. मी गाड्यांच्या धंद्यातला नाही. नाशिकला माझं इलेक्ट्रिकल मालाचं दुकान आहे. पण या कंपनीची मूळ गाडी मी २००९ पासून चालवतोय, आणि तिच्यापायी सासरी जे ऐकून घेतलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

गाडी म्हणजे लोगन. आपल्याकडे ती महिंद्रा-रेनो या नावाने २००७ मध्ये आली, आमच्या नाशिकच्याच कारखान्यात तयार व्हायची. अंगावर डाचियाचं नाव नव्हतं, पण गाडी तीच, रोमानियात २००४ मध्ये निघालेली. डिझेल इंजिन १४६१ सीसीचं, ताकद ६५ अश्वशक्ती, दिसायला चौकोनी डबा. मी ती विचारपूर्वक घेतली होती. आईचे गुडघे गेलेले, तिला वाकून बसावं लागू नये. मागे तीन मोठी माणसं खांद्याला खांदा न घासता बसावीत. आणि दुकानाचा माल डिकीत मावावा. या तीन गोष्टी त्या पैशात देणारी दुसरी गाडी मला सापडली नाही.

मे २०१० मध्ये संगमनेरला मेव्हणीचं लग्न होतं. मी गाडी कार्यालयाच्या फाटकाजवळ लिंबाच्या सावलीत लावली आणि काचा वर करत होतो. लोगनमध्ये पुढच्या काचांची बटणं दारावर नसतात, मध्ये गिअरजवळ असतात, त्यामुळे मान खाली होती. नवरदेवाकडचा एक तरुण आला, बोनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "ओ ड्रायव्हर, गाडी तिकडे घ्या, वऱ्हाडाची बस येतेय. कोणत्या ट्रॅव्हल्सची हो?" माझा फेटा अजून बांधायचा होता, एवढंच. बाकी जावयाचे कपडे अंगावर होते.

मोठे साडू तिथेच उभे होते. त्यांनी त्या पोराला नीट सांगायला हवं होतं. ते हसत म्हणाले, "अरे, आमचे धाकटे जावई आहेत ते. गाडी तेवढी टॅक्सी आहे." चारचौघं हसली. सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझी बायको पायरीवर उभी होती, तिचा चेहरा मला अजून आठवतो.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्या काळात भाड्याच्या गाड्यांत पांढऱ्या लोगन सर्रास असायच्या. टॅक्सीवाल्याला हिशेब पक्का कळतो: डिझेल कमी खाते, डिकी मोठी, खड्ड्यात आपटत नाही, काम कमी काढते. जी गाडी दिवसाला चारशे किलोमीटर पळणाऱ्या माणसाने स्वतःच्या पैशाने घेतली, ती चांगली की वाईट? पण आपल्याकडे उलटं गणित आहे. टॅक्सीवाल्याने घेतली म्हणजे ती घरच्यांनी घ्यायची नाही.

पाठवणीच्या वेळी रुखवताचा प्रश्न आला. त्यांची बस भरलेली. साडूंच्या गाडीची डिकी उघडली तर आत गॅसकिटची टाकी, उरलेल्या जागेत जेमतेम दोन बॅगा. सासरे म्हणाले, "यांच्या गाडीत घाला." दोन समया, घंगाळ, पातेल्यांची उतरंड, मिक्सरचं खोकं, लाडू-चिवड्याचे चार डबे, सगळं आत गेलं आणि झाकण नीट बसलं. ५१० लिटरची डिकी आहे ती. रात्री चंदनापुरीच्या घाटातून ते ओझं घेऊन गेलो, इंजिनाने हूं की चूं केलं नाही. त्याबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. डाचिया ही मुळात रोमानियाची सरकारी कंपनी. १९६९ पासून तिथे रेनो १२ वर बेतलेली गाडी निघायची आणि तीच थोडी बदलून २००४ पर्यंत निघत राहिली. १९९९ मध्ये रेनोने कंपनी विकत घेतली. रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांच्या डोक्यात पाच हजार युरोची गाडी होती. तिथून लोगन जन्मली. पैसे कुठे वाचवले ते मला एका गॅरेजमध्ये कळलं. मुंबई नाक्याजवळ एका रिक्षाने माझा डावा आरसा उडवला. मिस्त्रीकडे गेलो तर त्याच्याकडे कुणाच्या तरी गाडीचा उजवा आरसा पडलेला. मी म्हटलं, हा काय कामाचा? त्याने तो हातात उलटा फिरवून दाखवला. दोन्ही बाजूंचा आरसा एकाच साच्यातला. साचा एक, सुटा भाग एक, गोदामात खोकं एकच. समोरची काच इतर गाड्यांपेक्षा सपाट, कारण वळणदार काच महाग पडते. डॅशबोर्ड एका फटक्यात ओतलेला अखंड तुकडा. बाकी बरंचसं सामान रेनोच्या दुसऱ्या गाड्यांचं, चालून सिद्ध झालेलं.

त्या दिवशी मला ही गाडी कळली. इंजिनात, चाकाखालच्या जोडणीत, बसायच्या जागेत त्यांनी एक पैसा खाल्लेला नाही. खाल्ला तो नजरेला दिसणाऱ्या गोष्टींत. युरोपात हे लोकांना उमगलं. लोगन मुळात गरीब देशांसाठी होती, पण फ्रान्स-जर्मनीतल्या लोकांनीच मागितली म्हणून २००५ पासून तिकडे विकायला लागले. भारतात मात्र नेमकं जे नजरेला दिसतं त्यावर गाडी ठरते. त्यात लांबी चार मीटरच्या वर, म्हणजे छोट्या गाडीला मिळणारी करातली सवलत नाही. साधी गाडी आणि किंमत मात्र फार कमी नाही, असा पेच झाला. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली, पुढच्या वर्षी गाडीचं नाव व्हेरिटो झालं. २०१३ मध्ये व्हेरिटो व्हाइब म्हणून शेपूट कापून चार मीटरच्या आत बसवायचाही प्रयत्न झाला. म्हणजे तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू, डिकी, तीच कापली. हा निर्णय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

मग २०१२ मध्ये डस्टर आली. हीसुद्धा डाचियाचीच गाडी, आपल्याकडे रेनोच्या नावाने. पाया लोगनच्याच घराण्यातला. डिझेल इंजिन तेच १४६१ सीसीचं, फक्त ताकद वाढवलेली. आतलं प्लॅस्टिक तसंच टणक. पण डस्टरला कुणी टॅक्सी म्हटलं नाही. लोक नंबर लावून थांबले. साडूंनी स्वतः मला फोन करून विचारलं, "डस्टर बघितली का? काय दणकट आहे!" मी म्हटलं, अहो, मी तीन वर्षं तेच इंजिन चालवतोय. ते म्हणाले, "छे, ती वेगळी."

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या "छे, ती वेगळी" मध्ये आहे. टणक प्लॅस्टिक सेडानमध्ये असलं की लोकांना कंजुषी वाटते, उंच चाकांच्या गाडीत असलं की तोच राकटपणा वाटतो. डाचियाने हे ओळखलं आणि साधेपणा लपवायचं सोडून दिलं. सँडेरो ही त्यांची छोटी गाडी, तिची स्टेपवे म्हणून थोडी उंच, कडेने काळी पट्टी असलेली आवृत्ती आहे. तिच्या टपावरच्या दांड्या सोडवून आडव्या बसवल्या की सामान बांधायचा कॅरिअर तयार होतो, वेगळा विकत घ्यायचा नाही. सँडेरोच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये स्क्रीनच नाही, फोन ठेवायची खोबण आहे. तुमचा फोन हीच स्क्रीन. नव्या डस्टरच्या बाहेरचं काही प्लॅस्टिक रंगवलेलंच नाही. त्यात पुनर्वापरातला माल मिसळलेला, म्हणून ते ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, आणि ओरखडा पडला तरी खाली वेगळा रंग नसल्यामुळे तो उठून दिसत नाही. क्रोम त्यांनी काढून टाकलं. यातली प्रत्येक गोष्ट पैसे वाचवते आणि त्याच वेळी गाडी ओळखू आणून देते. सर्वसामान्यांना काय लागतं? बसायला जागा, सामानाला जागा, झेपणारा हप्ता. त्याला हात लावत नाहीत. २०२४ मध्ये सँडेरो युरोपात सगळ्यांत जास्त खपलेली गाडी ठरली, सुमारे २ लाख ७० हजार.

क्रोमबद्दल मला विशेष बोलायचंय. त्या लग्नानंतर घरी आलो आणि महिन्याभरात मी गाडीला क्रोमच्या पट्ट्या लावून घेतल्या. दारांच्या मुठींवर क्रोम, डिकीवर क्रोम, चाकांना चकचकीत झाकणं. बायकोने मागितलं नव्हतं, मीच केलं. दुसऱ्या पावसाळ्यात पट्ट्यांच्या कडा सुटल्या, खाली चिखल साचून काळ्या रेघा उठल्या. एका रविवारी केसांच्या ड्रायरने गरम करून मी त्या सगळ्या सोलून काढल्या. गाडी पुन्हा होती तशी झाली आणि मला बरं वाटलं. जी गाडी दुसऱ्या गाडीसारखं दिसायला बघते ती लोकांना चटकन कळते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या स्वस्त गाडीवर असंच खोटं सोनं चढवतात, आणि मला ते चीड आणतं. रेनोची छोटी गाडी क्विड त्याला अपवाद म्हणता येईल. २०१५ मध्ये ती अडीच लाखांच्या थोडं वर आली, तेव्हा एकच वायपर आणि चाकाला तीनच नट ठेवून पैसे वाचवले आणि वरच्या मॉडेलला टचस्क्रीन दिली. ती करणारे जेरार देतुर्बे लोगनच्या कामातही होते. तिथेही स्क्रीन पाहून लोक खूश झाले, तीन नटांचं कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर उत्तर एकतर्फी होईल. डाचियाला युरोपच्या अपघात चाचणीत फारसे तारे मिळत नाहीत. २०२१ मध्ये सँडेरो स्टेपवेला दोन, जॉगर आणि स्प्रिंग या त्यांच्या दुसऱ्या दोन गाड्यांना प्रत्येकी एक. त्यातले बरेच गुण आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि सावध करणाऱ्या यंत्रणांचे असतात, सांगाडाच कच्चा असा त्याचा सरळ अर्थ होत नाही. तरी एक तारा तो एक तारा. काय वगळायचं याची यादी कुठे थांबवायची, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. आणि लोगन देखणी नव्हती, हेही मान्य. तुम्ही गाडी घ्यायच्या विचाराने विचारत असाल तर एवढंच सांगेन: शोरूममध्ये डिकी उघडून बघा, मागच्या सीटवर घरातली तीन मोठी माणसं एकदम बसवा, आणि सासरवाडीला फोटो पाठवून मत मागू नका.

माझ्या लोगनला २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली. आरटीओत पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. २ लाख ४० हजार किलोमीटर झालेत, इंजिन एकदाही उघडलेलं नाही.

साडूंची मुलगी जर्मनीत नोकरी करते. गेल्या दिवाळीत सगळे सासरी जमलो होतो, तेव्हा त्यांनी तिच्या नव्या गाडीचा फोटो सगळ्यांना दाखवला. हिरवट-राखाडी सँडेरो स्टेपवे. "तिकडे हीच चालते," म्हणाले, "एकदम शहाणी गाडी." मी फोटो मोठा करून समोरचं चिन्ह दाखवलं आणि सांगितलं की ही माझ्या गाडीच्याच घरची, रोमानियाची कंपनी. आरशाची गोष्ट सांगितली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमची अजून आहे?"

दारातच उभी होती. भाऊबीजेची मिठाई आणायची होती, मी किल्ली घेतली, तेही चपला घालून आले. त्यांनी सवयीने मागच्या दाराच्या मुठीला हात घातला, तसेच थांबले, आणि वळसा घालून पुढे माझ्या शेजारी येऊन बसले.